नाकात दोन थेंब

३ मार्च
आज अकरा पांढरे केस! हिने मोजले, कानाच्या वर. "एकतिसाव्या वर्षी म्हातारा झालास की रे," म्हणत हसली. कामावरचा माझा जोडीदार जाऊन दीड महिना झाला. त्याआधी डोक्यात एकही पांढरा नव्हता.

७ मार्च
ही ओढतच वैद्यबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "काम काय करता?" लिफ्टची दुरुस्ती. "झोप?" लागते. "कसलं दुःख? संताप?" नाही — खोटं किती सहज येतं तोंडात!
म्हणाल्या, शोक, संताप, अतिश्रम यांनी पित्त डोक्यात चढतं आणि केस वेळेआधी पिकतात. रोज आवळ्याचं चूर्ण, डोक्याला माक्याचं तेल. सकाळी नाकात औषधी तेलाचे दोन-दोन थेंब — नस्य म्हणतात त्याला. आंबट, खारट, तिखट कमी. "पांढरे परत काळे होतील असं वचन मी देत नाही. नवे थांबले तरी पुष्कळ."

१५ मार्च
उशी तेलकट झालीय. आज पान्हा निसटला, सात मजले खाली. आवाज यायला किती वेळ लागतो!

२२ मार्च
अपघाताच्या चौकशीचा अहवाल आला. 'मयताच्या निष्काळजीपणामुळे.' साहेबांनी पाठीवर थाप मारली — "सुटलो बाबा एकदाचे."
लिहूनच टाकतो. दार उघडं असलं की लिफ्ट हलू नये म्हणून एक स्विच असतो. तपासणीपुरता मी तो वायर जोडून बंद केला होता. वायर काढायची राहिली. मी जेवायला गेलो. तो उघड्या दारात वाकून उंबरा साफ करत होता. वरून कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट हलली.
सगळे त्याला उचलत होते, तेव्हा मी वायर काढून खिशात घातली.
दोन दिवस हॉस्पिटलात होता. भेटायला गेलो नाही. ताप आलाय म्हणून कळवलं.

२३ मार्च
आवळा. तेल. नाकात दोन थेंब. कशाला?

२ एप्रिल
वैद्यबाईंनी भांग पाडून पाहिला. "नवे आलेत. औषध घेता ना?" नेमाने, म्हटलं. ही बाहेर बसली होती. बाई आवाज हळू करून म्हणाल्या, "केसांचं औषध आहे माझ्याकडे. तुम्ही जे गिळून बसलाय, त्याचं नाही."


४ एप्रिल
वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दारापर्यंत गेलो. बेल न वाजवताच परतलो. भेकड!

५ एप्रिल
आज बेल वाजवली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पाणी विचारलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं — वायर माझी होती. काढलीही मीच.
त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे. शुद्धीवर होते तेव्हा यांनीच सांगितलं मला. म्हणाले, तू त्याचं नाव घेऊ नकोस, तो आपणहून येईल."
मग माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, अडीच महिने वाट बघतेय मी."

६ एप्रिल
पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. खाली सही केली. चौकशी अधिकाऱ्यांनी दोनदा वाचला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा. घरी फोन करायचा असेल तर आत्ताच करून घ्या."