दादांची कवळी आणि नवे होत जाणारे रस्ते

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरत जा, हे सांगायला आता दादा नाहीत, म्हणून मी सांगतो. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. (तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिले.)

पत्राचे कारण ऑफिसचे आहे. कोणता रस्ता किती वर्षांत किती खराब होईल, याचे भाकीत आमचा विभाग करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ते कशावरून, हे दादांनी घरी सांगितले नसावे. जीप ठरलेल्या वेगाने न्यायची, दादांनी पुढे तोंड किंचित उघडे ठेवून बसायचे, आणि त्यांची खालची कवळी किती वेळा वाजली ते मी मागे बसून रेघा ओढून मोजायचे. दर किलोमीटरला इतके खट. धक्के मोजायचे यंत्र मागवले आहे, ते अकरा वर्षे मंजुरीत आहे. तोवर तात्पुरती सोय म्हणून कवळी. (नवी करून घ्या, असे तुम्ही दरवर्षी म्हणायचात आणि दादा टाळायचे. तो चिक्कूपणा नव्हता. माप बदलले असते.) अकरा वर्षांचे खट संगणकात आहेत आणि भाकीत एकदाही चुकलेले नाही.

यंदा दादांच्या जागी मी बसलो. माझे दात माझेच, आणि घट्ट. त्रेपन्न रस्ते फिरलो, एक खट नाही. खोटे कसे लिहायचे, म्हणून शून्य लिहिले. संगणकाने ते इमानदारीने पुढे ओढले आणि सांगितले, की रुग्णालयाचा रस्ता येत्या चार वर्षांत, तो बांधला त्या दिवसापेक्षाही नवा होईल. साहेब खूश. शुक्रवारी दुरुस्तीची सगळी कामे रद्द करणार आहेत. त्या रस्त्याला गेल्या वर्षी एकेचाळीस खट होते, वहिनी. दादांना शेवटी त्याच रस्त्याने नेले. त्यांनी कवळी काढू दिली नव्हती, आणि मी मोजत होतो. सवय.

साहेबांना सांगायला गेलो, पण माझे निम्मे वाक्य नेहमी घशातच राहते. ते म्हणाले, "रस्ते सुधारले तर तुमच्या पोटात का दुखतं?" मग आमच्या ड्रायव्हरने (त्याला सगळे भोंगा म्हणतात) स्वतःच्या सासूबाईंना कवळीसकट पुढच्या सीटवर आणून बसवले. त्यांनी दोन तास जावयाच्या तक्रारी सांगितल्या, पण कवळी इतकी पक्की की खट म्हणून नाही. भोंगा म्हणाला, "अहो, तुमचेच दात थोडे सैल करून घ्या ना." मी दंतवैद्याकडे तशी चौकशी केली. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि घरी कोण कोण असते ते विचारले.

असो. मुलांना माझी आठवण सांगा. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : दादांची खालची कवळी तुम्ही ठेवली असेल, तर तीन दिवसांपुरती पाठवाल का? ती बसेल असे तोंड मी शोधतो.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचे राहिले होते तेवढ्यात बातमी आली. साहेब सासऱ्यांना बघायला रुग्णालयात निघाले होते. वाटेत भोंग्यावर ओरडताना त्यांची जीभ चावली गेली. दुरुस्ती मंजूर झाली, तीही लेखी, कारण त्यांना बोलता येत नाही. तेव्हा कवळीची आता गरज नाही. तरी पाठवा. जीपमध्ये फार शांत वाटते.