मागच्या दाराचा मेसेज

बाबा,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवलीय. आईच्या हाती लागली तर आपल्या दोघांची खैर नाही.

अलार्मचं सेटिंग करून निघतेय. पुढचं दार उघडलं की आईच्या फोनवर मेसेज जाईल, मागच्या दाराचा मात्र फक्त माझ्या. तिथल्या कुंडीत सिगारेटची थोटकं सापडली. डॉक्टरांनी काय बजावलंय ते पुन्हा उगाळत नाही. दिवसातून एकदा उघडलंत तर मी गप्प बसेन. दुसऱ्यांदा उघडलंत की आईचाही फोन वाजेल.

आणि सकाळी दहापर्यंत ते दार उघडलंच नाही, तरीही मला मेसेज येतो. म्हणून सांगते, सिगारेट सुटली तरी दार रोज उघडत जा.

तुमची बुटकी