मंगळवारी शुक्रवारचं सूप

६ ऑगस्ट, मंगळवार

चुपे वाढलं. मंगळवारी!

अरेकिपात कुठल्या वारी कुठलं सूप हे शेंबडं पोरही सांगेल — सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो, शुक्रवारी नदीच्या कोळंबीचं चुपे. आणि दोन्या सातुर्निनाच्या, म्हणजे सातुर्निनाबाईंच्या, खानावळीत आज माझ्यापुढे कोळंबी.

मी विचारलं, "आज चाइरो नाही?" वाढणारी तिची मुलगी फेलिसितास माझ्याकडे न बघता म्हणाली, "जे केलंय ते गरम आहे. खा." लांब टेबलावर शेजारी बसलेल्या निवृत्त मास्तरांनी, डॉन एवारिस्तोंनी, खालून माझ्या पायावर पाय दिला. चुकून नाही.

शुक्रवारचं उरलेलं गरम करून वाढतात. दुसरं काय असणार?

रविवारी आमच्या वर्तमानपत्राची शहराच्या वाढदिवसाची पुरवणी. 'खावं-प्यावं अशा बारा जागा'. अकरा झाल्या, ही बारावी. माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार. बाबांना वाचता येत नाही, पण ते अंक दगडाच्या खाणीवर नेणार आहेत, तिथे कुणाकडून तरी वाचून घेतील. त्यात एक शब्दही खोटा नको.

चिचा दोन्या सातुर्निनाने स्वतः आणली. थंड, जांभळी, मोडाच्या काळ्या मक्याची, वर फेस. पेला अर्धा झाला तसा पुन्हा भरला. "हे माझ्याकडून, पोरी." रीतच आहे ती, सगळीकडे भरतात. तरी वरचा अर्धा पेला मी तसाच ठेवला. लाच वाटली.

७ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा गेले. आज चाके. म्हणजे परवाचं.

भिंतीवर कॅलेंडर नाही. कुठल्या खानावळीत नसतं? रेडिओवर बाराच्या बातम्या लागल्या, "आज बुधवार—" आणि फेलिसितासने झटकन रेडिओचा कान पिळून तो बंद केला. गिऱ्हाईक दारात आलं की ती एक बोट वर करते. ते मान हलवतात आणि मुकाट बसतात. एकाने तर आत डोकावून सांगितलं, "दोन्या सातु, सोमवारी तुझ्या हातचं खाल्लं की आठवडा धकतो बघ." बुधवारी!

खुणा ठरलेल्या आहेत. सगळे सामील आहेत.

८ ऑगस्ट, गुरुवार

लिहून दिलं. अकरा चांगल्या जागा आणि एक शिळं वाढणारी. संपादक पास्तोर साहेब खूश. "लोक नेमकी बारावीच वाचतील," म्हणाले.

दुपारी जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आईला मजकूर वाचून दाखवला. ती बटाटे सोलायची थांबली.

"चार दिवसांची कोळंबी? वास आला असता."

"नाही आला."

"मऊ पडली होती?"

"नाही. दाताखाली कुरकुर वाजत होती."

"मग ती त्याच सकाळची. एवढी शिकलीस, बाई, आणि कोळंबी कळत नाही तुला."

नऊ वाजता मागच्या दाराने खानावळीत. दोन्या सातुर्निना पाट्यावर मिरची वाटत होती. शेजारी मटण, भिजवलेले वाळके बटाटे. शुक्रवारी, चाइरोची तयारी. सगळं ताजं.

मला बघून म्हणाली, "ये, पोरी. मंगळवारी इतक्या सकाळी भूक लागली?"

मी तोंड उघडणार तोच फेलिसितासने दंड धरून अंगणात नेलं.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "वार डोक्यात राहत नाही तिच्या. हात काही विसरले नाहीत. एकदा एकाने हसून चूक दाखवली, तर तीन दिवस चुलीपाशी फिरकली नाही. खाटेवर नुसती बसून. घास नाही घेतला. तेव्हापासून ती म्हणेल तो वार."

"आणि गिऱ्हाईक?"

"चाळीस वर्षांपासूनचं आहे. मी बोटांनी तिचा वार दाखवते, ते सांभाळून घेतात. मास्तरांनी मागच्या आठवड्यात तीन रविवार काढले. तिन्ही वेळा कोट घालून आले, बिचारे."

मी म्हटलं, मी चांगलं लिहीन.

"काहीच लिहू नकोस."

मग मास्तरांशेजारी बसून चाइरो खाल्लं. दोन्या सातुर्निनाने विचारलं, "कसं झालंय?" मी म्हटलं, "मंगळवारसारखं." ठरवून बोललेलं माझं पहिलं खोटं. घशाखाली सहज उतरलं. आज पेला तळापर्यंत प्याले, वरचासुद्धा.

१० ऑगस्ट, शनिवार

मजकूर परत मागितला. पास्तोर साहेब भडकले. "पहिल्या पानावर बारा छापून झालंय. अकरा कशा देऊ? की तुझ्या घरचा पत्ता देऊ?"

दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता. हे एक कारण. दुसरं असं की मी त्या बाईला मनात चार दिवस चोर म्हटलं होतं, ते फेडायचं होतं. चार ओळी लिहिल्या. पाट्यावरची चटणी, फेसाळ चिचा, एकाच टेबलावर खेटून बसणारी माणसं. वाराचा उल्लेख नाही. एकही शब्द खोटा नाही. दोनदा तपासलं.

फेलिसितासला विचारलं नाही. चांगलंच तर लिहिलंय.

११ ऑगस्ट, रविवार

नाव छापून आलं. बाबांनी बोट ठेवून विचारलं, "हे का तू?"

१३ ऑगस्ट, मंगळवार

खानावळीबाहेर रांग होती. सगळे अनोळखी, हातात पुरवणी. मास्तर दाराशीच उभे, आत जागा नव्हती. फेलिसितास बोटं दाखवत राहिली, कुणाला कळलं नाही. एक बाई हसत, अगदी प्रेमाने म्हणाली, "आजी, मंगळवारी रविवारचं सूप कसं हो?"

दोन्या सातुर्निनाने एकेका ताटाकडे पाहिलं. मग फेलिसितासकडे. फेलिसितासने मान खाली घातली. म्हातारीने एप्रन सोडला, घडी घातली, आणि रांगेतून सरळ माझ्यापाशी आली.

"पोरी, तू शिकलेली आहेस. खरं सांग. किती दिवस चाललंय हे?"