अठरा गुंठे मैदान आणि माझ्या तोंडून निघालेला एक शब्द

मी, चंद्रभागा संपतराव कऱ्हाळे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त माध्यमिक शिक्षिका, अविवाहित, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हा कागद स्वतःच्या हाताने, भर दुपारी, ओसरीवर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने सोबत टाचलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दाबू शकेल असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली. पहिले सन २०१६ चे. त्यात माझ्या मालकीचे अठरा गुंठे मैदान मी गावच्या कबड्डी मंडळाला दिले होते. दुसरे यंदा ९ ऑक्टोबरला केले. त्यात ते मंडळाकडून काढून माझा भाचा शिवप्रसाद याला दिले आणि त्याने तेथे खुशाल प्लॉट पाडावेत, असे लिहिले. दोन्ही रद्द समजावीत. दुसरे मी रागात केले होते. राग खरा होता, कागद चुकीचा होता. आता मैदान कोणाकडे जावे, आणि मुन्ना शेळके या खेळाडूला त्यावर पुन्हा पाय ठेवता यावा की नाही, हे ठरवण्यासाठी हे तिसरे लिहिते. बाकीची मालमत्ता किरकोळ आहे, ती आधी उरकून घेते.

कलम १. राहते घर. ते मी शकुबाई कोंडीबा वाघमारे हिला देते. शकुबाई माझ्याकडे एकवीस वर्षे स्वयंपाकाला आहे. तिच्या वरणात मीठ कधीच बरोबर नसते, हे तिला मी रोज सांगितले आहे आणि येथे शेवटचे सांगते. शिवप्रसादने या घरावर हक्क सांगू नये. तो पुण्याहून दर दिवाळीला येतो, ओसरीतून फोनवर बोलतो आणि "आत्या, इथे रेंज नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी जातो. जेथे रेंज नाही ते घर घेऊन तो काय करणार?

कलम २. बँकेतील ठेव. अंत्यविधीचा खर्च वजा करून उरलेली सारी शाळेतील मुलींच्या खेळाच्या बुटांसाठी द्यावी. माझ्या तेराव्याला बुंदी करू नये. मला बुंदी कधीच आवडली नाही, आणि ज्यांना आवडते ते तेवढ्यासाठीच येतात.

कलम ३. पुस्तके व इंग्रजी शब्दकोश शिवप्रसादला. वडिलांनी मला सिकंदराबादला आत्याकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातले तेव्हा गाव म्हणाले होते, पोरगी बाटणार. मी बाटले नाही. फक्त दोन गोष्टी शिकून आले: नखे स्वच्छ ठेवायची, आणि माफी मागायची तर उभे राहून मागायची, आणि तिच्यात 'पण' घालायचा नाही. नखांचे मी कायम पाळले. दुसरी गोष्ट मी मुलांना सदतीस वर्षे शिकवली आणि स्वतः यंदा तेरा दिवस विसरले. ते पुढे येईल.

कलम ४. आरामखुर्ची. ही विश्वंभर मारोती हाके याला द्यावी. हा कोण, हे बाळापुरात कोणाला सांगावे लागत नाही, पण हा कागद उद्या तालुक्याच्या कचेरीतही वाचला जाईल म्हणून लिहिते. विश्वंभर आमच्या संघाचा चढाईपटू. मेंढपाळाचा मुलगा. आठवीत माझ्या वर्गात आला तेव्हा गणितात शून्य होता आणि धावत्या मेंढीचा मागचा पाय एका हाताने धरायचा. मी त्याला म्हटले, "मेंढीला धरतोस तसं तुला कोणी धरलं तर सुटशील का?" तो म्हणाला, "बाई, मेंढी कशी सुटती ते म्या रोजच बघतो की." त्या दिवसापासून तो माझ्या मैदानावर. एकोणीस हंगाम तो बाळापूरसाठी खेळला. समोरच्या अंगणात जाऊन, गडी बाद करून, दम न सोडता परत यायचा. वय छत्तीस, डावा गुडघा साठ वर्षांचा. म्हणून खुर्ची. त्याने तिच्यात बसायला शिकावे.

कलम ५. वैर. तेही माझ्या मालकीचे आहे, त्याची विल्हेवाट मीच लावली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आठ गावांनी मिळून कबड्डीची साखळी स्पर्धा सुरू केली. नियम केला की दसऱ्यापर्यंत संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करावी. आमचे मंडळाध्यक्ष उकंडराव भिसे यांनी यंदा विश्वंभरला गोरेगावच्या संघाला दिले आणि त्या बदल्यात दोन तरुण पकडपटू घेतले. ही बातमी विश्वंभरला कोणी सांगितली नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पडली तेव्हा तो सोयाबीन काढत होता.

संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला. मी विचारले, "तुला आधी विचारलं नाही?"

"काहून विचारतील, बाई? बैल बाजाराला नेताना बैलाला विचारतेत का?"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि माझ्यानंतर मंडळाने विसरू नये, म्हणून येथे नोंदवले आहे.

गाव पेटले. गटातून एका रात्रीत एकसष्ट जण बाहेर पडले. न्हाव्याने उकंडरावांची अर्धी दाढी करून "बाकीची गोरेगावात करून घ्या" म्हणून वस्तरा पुसला. आमच्याकडे स्पर्धेच्या दिवसांत घराघरांतून संघासाठी भाकरी जाते, ही जुनी रीत. यंदा टोपली घेऊन पोरगा गल्लीत फिरला तर बायांनी रिकामी परत पाठवली. शकुबाई तर दारातच म्हणाली, "आमची भाकर विश्वंभरसाठी व्हती. त्यो नसंल तर तुमच्या अध्यक्षाला म्हणावं, माती खा." मी तिला शिस्तीने आत बोलावले आणि म्हटले, छान बोललीस.

मग मी उकंडरावांना बोलावून घेतले. ते आले, चप्पल बाहेर काढून उभे राहिले. माझेच विद्यार्थी आहेत, सातवीत दोनदा बसलेले.

"बाई, तुमाला भावना परवडतेत. मला संघ चालवायचाय. एका गुडघ्याच्या बदल्यात चार गुडघे आले."

"आणि तोंड? त्याला तोंडावर सांगायला तोंड नव्हतं?"

ते दाराबाहेरच्या चपलांकडे बघत म्हणाले, "दोनदा गेलतो त्याच्या घराकडं. दोनदा बी फाटकातून माघारी आलो. आत त्याची माय कांदे निवडत बसली व्हती. मला बघून म्हणली, ये रे उकंड्या, च्या घे. काय सांगू तिला?"

मी तेव्हा त्यांना माफ केले नाही. त्याच आठवड्यात ते दुसरे मृत्युपत्र केले. आज लिहिते की अदलाबदल चूक नव्हती. संघाला पकड नव्हती आणि विश्वंभरचा गुडघा संपत आला होता, हे मला त्यांच्याआधी माहीत होते. चूक फाटकातून माघारी येण्याची होती. ती भित्र्या माणसाची चूक आहे, वाईट माणसाची नव्हे. उकंडरावांशी असलेले माझे वैर मी या कलमान्वये कोणालाही न देता संपवते.

कलम ६. माझा गुन्हा.

सन २००७ मध्ये सराव चालू असताना पकडीत एकमेकांवर पडलेल्या मुलांच्या ढिगाऱ्याखाली एका मुलाच्या गळ्याचे हाड मोडले. त्या दिवशी मी मैदानाचा नियम केला: मी "सोड" म्हटले की ज्याचा हात जेथे असेल तेथून त्याच श्वासात सुटला पाहिजे. जो सोडणार नाही त्याने मैदानाला वीस फेऱ्या. अठरा वर्षे हा नियम चालू आहे. निवृत्त झाले तरी मी रोज संध्याकाळी बाकावर बसते आणि मुले माझा शब्द पाळतात. हा नियम सरावाचा आहे. सामन्यात पंचाची शिट्टी चालते, बाईंचा शब्द नाही. हे मला माहीत होते.

१४ डिसेंबरला गोरेगावात अंतिम सामना होता, बाळापूर विरुद्ध गोरेगाव. गावातून पाच जीपगाड्या भरून गेल्या. मी पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर. आमचे लोक घोषणा आमच्या संघाच्या देत होते आणि डोळे विश्वंभरवर होते. तो पहिल्या चढाईला उतरला तेव्हा बाळापूरच्या बाजूनेच शिट्ट्या पडल्या. गोरेगावचा एक म्हातारा मागे वळून म्हणाला, "तुमी कोणाकून आलात नेमकं?"

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. विश्वंभर आमच्या अंगणात आला. कोपऱ्यावर मुन्ना शेळके होता. हा तेवीस वर्षांचा, रस्त्यावर पंक्चरचे दुकान चालवतो, घोट्याची पकड विश्वंभरकडूनच शिकला. त्याने पकड अशी केली की मी इतक्या वर्षांत तशी पाहिली नाही. विश्वंभर पडला. वर दोघे चढले. डावा गुडघा खाली वाकडा दाबला गेला होता आणि मला त्याचा चेहरा दिसत होता.

मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "सोड!"

मुन्नाचा हात सुटला. त्याच श्वासात. बाकी दोघांचेही सुटले. विश्वंभरने सरपटत मध्यरेषेला बोटे लावली. आमचे तीन गडी बाद. बाळापूर हरले.

गर्दीच्या कल्लोळात माझा आवाज त्या तिघांशिवाय आणि माझ्या शेजारच्या शकुबाईशिवाय कोणी ऐकला नाही. आमचे लोक दुसऱ्या दिवशी म्हणू लागले की मुन्ना गोरेगावाला विकला गेला. कोणी म्हणाले, गुरूसाठी सोडले. पकड त्याची होती म्हणून सारे त्याच्यावर आले. मंडळाने त्याला दोन वर्षे संघाबाहेर काढले. त्याच्या दुकानावर बाळापूरच्या गाड्या थांबेनात.

मी तेरा दिवस गप्प बसले. मेलेल्या माणसाचेही तेवढ्या दिवसांत सारे आटोपते. काल मी त्याच्या दुकानावर गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"हात निसटला, बाई," मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. मी सोड म्हणाले."

"तुमी म्हणलं तर सोडावंच लागते ना. त्याच्यात काय एवढं?"

"मग पंचांसमोर, मंडळासमोर सांगितलं का नाहीस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर लोक तुमाला बोलले असते. मला काय, मी रोजच खाऊन राहिलो बोलणे." मग हसून म्हणाला, "पण पकड कशी व्हती, ते तर सांगा."

मी सांगितले. चांगली होती, एवढेच सांगता आले.

म्हणून येथे नोंदवते: मुन्ना शेळके याने सामना सोडला नाही. मी सोडवला. विश्वंभरच्या गुडघ्यासाठी ओरडले की तो जिंकावा म्हणून ओरडले, हे मी स्वतःला तेरा दिवस विचारत आहे आणि मला खरे उत्तर ठाऊक नाही. मी बाळापूरची माफी मागते. मी मुन्नाची माफी मागते. यापुढे या वाक्याला काहीही जोडायचे नाही.

कलम ७. मैदान. गट क्रमांक व चतुःसीमा सोबतच्या कागदावर आहेत. हे अठरा गुंठे मी ग्रामपंचायतीला देते, मंडळाला नव्हे. अटी तीनच. तेथे खेळाशिवाय काही होऊ नये. लग्नाचे मंडपही नाहीत. कोणत्याही गावाकडून खेळणाऱ्या वा संघाबाहेर काढलेल्या खेळाडूला, विश्वंभर आणि मुन्ना धरून, तेथे सरावाला येण्यास कोणी अडवू नये. आणि कोणत्याही खेळाडूला दुसऱ्या संघाला द्यायचे झाल्यास अध्यक्षाने त्याच्या घरी जाऊन, आत बसून, चहा घेऊन, तोंडाने सांगावे. फाटकातून परतल्यास ती अदलाबदल या मैदानावर मान्य नाही.

कलम ८. माझ्या "सोड" या शब्दाचा अधिकार मी कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर जाईल. मुलांनी पंचाची शिट्टी ऐकावी.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. पुढच्या हंगामाची खेळाडूंची यादी ३१ डिसेंबरला जाणार आहे, आणि मी इतक्या लवकर जाईन याची खात्री नाही. मुन्ना माझ्या मरणाची वाट पाहू शकत नाही. तेव्हा कलम ६ आज संध्याकाळी पाच वाजता मैदानावर सर्वांसमोर मी स्वतः वाचीन. उभे राहून. गुडघ्यांना दोन तास आधी सूचना दिली आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी शाळेच्या मुख्याध्यापिका सुकन्या जाधव यांच्यावर सोपवते. त्यांना मी वर्गात कधी मारले नाही, म्हणून त्या निःपक्षपाती राहतील.

सही: चंद्रभागा संपतराव कऱ्हाळे
आखाडा बाळापूर, शनिवार, २७ डिसेंबर २०२५

वरील सही आमच्यासमोर झाली. बाईंनी आमच्यासमोर संपूर्ण कागद वाचून दाखवला. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: भावसिंग थावरा राठोड, किराणा दुकानदार, बाळापूर.

साक्षीदार २: उकंडराव नामदेव भिसे, बाळापूर. बाईंनी पाच वाजता मैदानावर वाचले ते मी उभा राहून ऐकले. मुन्नाचे नाव मी तिथेच यादीत पहिले घातले. आता विश्वंभरच्या घरी चाललो आहे. आत बसणार आहे.