जाड स्टेन्सिलं माझ्या पश्चात कोणी वापरावीत याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, विधवा, धंदा पार्किंगमधले पट्टे, बाण आणि अक्षरं रंगवण्याचा, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लोक मला पट्टेवाली म्हणतात. त्यावरून मी एखाद्या कचेरीत शिपाई असेन असं नवख्या माणसाला वाटतं, आणि मीही ते खोडून काढत बसत नाही.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं काही कारण नाही, आणि त्याच दमात म्हणाल्या, कागदपत्रं करून ठेवलेली बरी. माझी बुद्धी शाबूत आहे. भेदरलेली आहे, पण शाबूत आहे.

कलम पहिले. राहतं घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. ती तशीच ठेवावी, कारण तिथे रंगाचे डबे असतात आणि वास त्या फटीतून जातो.

कलम दुसरे. लोखंडी कपाट नणंदेला. माझ्या लग्नात तिने ते "आम्हाला अडचण होते" म्हणून मला दिलं होतं. आता तिची अडचण तिला परत.

कलम तिसरे. हे आज सकाळी मी एक लिहिलं होतं आणि दुपारी खोडून दुसरं लिहिलं आहे. खोडाखोड माझीच आहे, कोणी शंका घेऊ नये. का खोडलं ते सांगते.

आमच्या धंद्यात मी आणि आमचे हे, आणि ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर. रंग ह्यांचा, हिशेब आणि टेम्पो चालवणं भाऊजींचं, स्टेन्सिलं, म्हणजे बाण-अक्षरांचे कापलेले साचे, माझी. स्टेन्सिल घेताना मी ते दुकानातच जमिनीवर टाकून बघते. गुंडाळी होऊन आलेलं असेल आणि कोपरे पुन्हा पुन्हा वर येत असतील, तर दुकानदाराला रामराम. चांगलं स्टेन्सिल जाड प्लॅस्टिकचं असतं, टाकलं की पडून राहतं, रोलर दाबला तरी सरकत नाही, आणि वाळलेला रंग त्यावरून सालीसारखा निघतो. कापलेल्या कडेवरून बोट फिरवावं. बोटाला खरखर लागली तर तीच खरखर जमिनीवर उतरणार. बाण लांबुडका घ्यावा, कारण ड्रायव्हर तो वरून बघत नाही, लांबून आणि तिरका बघतो. दुकानात नीट दिसणारा बाण जमिनीवर बुटका दिसतो.

पण जाड स्टेन्सिलं टेम्पोत चढवायची म्हणजे कमरेचं काम. हे गेले त्या वर्षी भाऊजी पातळ घेऊन आले, काखेत गुंडाळी मारून, हसत.

मी म्हटलं, "भाऊजी, ही नकोत. कोपरे बघा कसे उठताहेत."

"वहिनी, जमिनीवर काढायचंय. चाकं जाणार त्यावरून. चष्मा लावून वाचायला कोण बसतंय?"

मोठ्या दुकानांची एक इमारत होती, तिच्या तळघराचं काम. वर जायचा उतार वेगळा, खाली यायचा वेगळा. वर जायच्या उतारावर भाऊजींनी ती पातळ स्टेन्सिलं लावली. कोपरे उठले, रंग खालून पसरला, आणि बाणाच्या शेपटीलाही टोक फुटल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हा बाण खोटं बोलतोय." तारेचा ब्रश घेऊन उतारावर वाकून बसले. भाऊजींना वर उताराच्या तोंडाशी उभं केलं, गाडी आली तर थांबवायला. मी खाली रंग ढवळत होते.

भाऊजी पाणी प्यायला बाजूला झाले. तेवढ्यात वरून एक गाडी आली. गाडीवाल्याला पहिला बाण खाली जायचा वाटला. हे दुसऱ्या बाणावर वाकलेले होते. मला ब्रेकचा आवाज ऐकू आला, आणि त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. रंगाचा डबा माझ्या हातात तसाच होता.

तेव्हापासून मी तळघरात पाय ठेवलेला नाही. उघड्या मैदानातली कामं घेते. रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या गाडीची टिकटिक ऐकू आली की माझे पाय जागच्या जागी रुततात, बाजूला व्हायचंसुद्धा सुचत नाही. भाऊजींशी सहा वर्षं मी बोलले नाही.

म्हणून सकाळी मी लिहिलं होतं की माझ्या पश्चात सगळी स्टेन्सिलं करवतीने कापून भंगारात घालावीत, आणि दिराला काहीही देऊ नये. मुलगी मागे उभी राहून वाचत होती.

"आई, हे काय लिहिलंयस?"

"वाचता येतंय ना तुला?"

"मी काम घेतलंय. दवाखान्याच्या तळघराचं. जुने बाण पुसले गेलेत, परवा दोन गाड्या उतारावर समोरासमोर आल्या. आज दुपारीच करायचंय."

"कोणाला विचारून घेतलंस? उद्या मला चिरणार आहेत आणि तू आज तळघरात जाणार?"

"उद्या मी तुझ्यापाशी असेन म्हणूनच आज."

"नाही जायचं."

ती शांतपणे म्हणाली, "जाड कापलीस तर मी पातळ विकत घेईन. पण जाईन."

ती जाईल हे मला माहीत होतं. बापावर गेली आहे. भूल, सुरी, छातीवरचा टाका, आठवडाभर ज्याला ज्याला मी घाबरले होते ते सगळं एकदम लहान झालं. मग मी ती ओळ खोडली आणि भाऊजींना फोन लावला.

ते आले, पण उंबऱ्यातच थांबले. केस सगळे पांढरे.

"वहिनी..."

"आत या. पोरगी उतारावर काम करणार आहे. तोंडाशी उभं राहायचं. गाडी आडवी घालावी लागली तर घालायची. तहान लागली तरी हलायचं नाही."

त्यांनी मान खाली घातली. "वहिनी, त्या दिवसापासून मी..."

"ते नका सांगू. मला ऐकवणार नाही. उभे राहाल का?"

"राहीन."

तेव्हा कलम तिसरे आता असे: सर्व जाड स्टेन्सिलं, रोलर आणि टेम्पो मुलीला. उतारावर काम करताना तोंडाशी माणूस उभा असल्याखेरीज तिने जमिनीला गुडघा टेकू नये. ह्यांचं चकाकणारं नारिंगी जाकीट दिरांना द्यावं. ते त्यांना ढगळ होईल, तरी त्यांनी घालावं. मी त्यांना माफ केलं असं इथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्रात खोटं लिहू नये.

दोघं स्टेन्सिलं चढवून निघून गेले त्याला बराच वेळ झाला. साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंपीणबाई आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन समोर बसले आहेत. पोस्टमन दोनदा म्हणाले, "बाई, करून टाका की सही, चहा पार निवला." मी नाही केली. माझ्या पश्चात सगळं तिला, असं मी लिहिलं आहे. आणि ती घरी फोन करेपर्यंत त्या वाक्याखाली नाव घालायचा मला धीर होत नव्हता. शिंपीणबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

आत्ता फोन आला.

"आई, शेवटचं स्टेन्सिल उचललं. कड स्वच्छ आहे."

"काका कुठेय?"

"तोंडाशी. तसूभर हलत नाहीये. गाडीवाले हॉर्न मारताहेत, शिव्या घालताहेत, हा कोणाला आत सोडायलाच तयार नाही. तू सांग ना त्याला, काम झालंय म्हणून."

मी म्हटलं, "उभा राहू दे. तू वर येईपर्यंत उभा राहू दे."

आता सही करते.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ

लिहून देणार: (सही) पट्टेवाली

वरील सही बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीत केली. सही त्यांचीच आहे.

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या शिंपीणबाई
२. (सही) वरच्या मजल्यावरचे पोस्टमन, निवृत्त