माइदाच्या वाटणीचा पाला

ओरुरो, २० ऑक्टोबर २००५

चि. एलिओ यास,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, माझ्याच घरात मला माझा संडास मिळेनासा झाला आहे.

हसू नकोस. नवरा गेला, दात गेले, बाजारातल्या गाळ्यावरचं छप्पर वाऱ्याने गेलं. पण सकाळी उठल्यावर ती एक जागा माझी होती. आता तिच्यावर तुझ्या मुलीने कब्जा केला आहे. माइदा दिवसाला बादलीभर पाणी पिते. पिते आणि जाते, येते आणि पिते. पहाटे नळात बर्फ असतो तेव्हा मी शाल गुंडाळून अंगणात उभी, आणि आत बाईसाहेब गाणं म्हणताहेत. शेजारच्या फोर्तुनाताने परवा कुंपणावरून विचारलं की मुलीला दिवस वगैरे गेलेत का. मी सांगितलं, बाई, दिवस नाही, अजून तरी नुसतं पाणी जातंय.

कारण तुला ठाऊकच आहे. सात नोव्हेंबरला तुझ्याकडे, सीमेपलीकडे कलामाला, खाणीच्या लोकांसमोर तिची तपासणी. डोळे, रक्त, आणि बाटलीत लघवी. तीन वर्षं या पोरीने मिनीबस चालवली ती गालात कोकाचा पाला धरून, जशी आपण सगळ्यांनी आयुष्यं चालवली. आता खाणीवाल्यांना तिच्या लघवीत परदेशी शौकिनांची ती पांढरी पूड, कोकेन, शोधायची आहे, आणि आपल्या गरीब पाल्याची खूण म्हणे अगदी तश्शीच उमटते. म्हणून महिनाभर तिने पाल्याला हात लावलेला नाही. डोकं दुखतं, चिडचिड करते, पण लावत नाही. तिला तो घराएवढ्या चाकांचा ट्रक हवा आहे. मिनीबसच्या मालकाने तिला काय म्हटलं ते तिने तुला सांगितलं नसेल. मीही सांगत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. दोन तारखेला गावी बाबांची तिसरी मेज. गेलेल्याला तीन वर्षं मृतांच्या दिवशी जेवायला बोलावायचं, म्हणजे यंदा शेवटचा निरोप. पाला वाटणार तिबुर्सिओकाका, आणि ते नुसता वाटत नाहीत, प्रत्येकाचा गाल फुगला की नाही ते बघत फिरतात. त्यांच्या हातची मूठ नाकारली म्हणजे गेलेलं माणूसच नाकारलं. आणि इथे तर माणूस आपले बाबा. काय करू ते कळव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता ओरडतोस.

इकडचा लोभ जुनाच आहे, तुझा ताजा धाड.

तुझी ताई,
बेनिग्ना

*

कलामा, २७ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बसच्या ड्रायव्हरने पत्र दिलं, सोबतचं चीज मात्र अर्धंच दिलं. वाटेत उंदीर होता म्हणतो. उंदराने सुरीने कापलेलं दिसतं.

ताई, तिला गावी नेऊ नकोस. मी इथे चारशे माणसांचं जेवण रांधतो. कोण कसं जातं ते स्वयंपाकघराच्या दारातून मला दिसतं. आपल्या पोतोसीकडचा फाउस्तीनो, शहाण्यासारखा माणूस, रजेवर घरी गेला, पोट बिघडलं, आईने पाल्याचा चहा दिला. परत आला तर बाटलीने चुगली केली. दुपारी सामान घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला आणि वाटेसाठी पाव मागितला. तोंड वर करेना. आईला काय सांगू, एवढंच म्हणत होता.

म्हणून मी छावणीतल्या नर्सला विचारलं. ती म्हणाली की अंगात गेलेली वस्तू तशीच राहत नाही. यकृत तिचे तुकडे करतं, मूत्रपिंडं ते तुकडे बाहेर टाकतात, आणि त्यांना वेळ लागतो. पाला एका दिवसात विरून जातो, पण त्याचा तुकडा मागे रेंगाळतो, आणि ते लोक तुकड्यालाच शोधतात. म्हणजे चोर पळून गेला तरी त्याच्या पावलांवरून खटला. बहुतेक माणसांचं थोड्या दिवसांत साफ होतं, पण ज्याचं त्याचं शरीर. दोन तारखेला चघळलं तर सातला काय दिसेल हे ती छातीवर हात ठेवून सांगेना.

बाबा समजून घेतील, ते मेलेले आहेत. काका समजून घेणार नाहीत, पण त्यांनी आजवर काय समजून घेतलं आहे? तिला ताप आलाय म्हणून सांग.

माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. माइदाची आई गेल्यापासून आठ वर्षं मी एवढ्या माणसांना वाढतो आणि मग पातेल्यापाशी उभ्याने खातो. माइदा इकडे आली तर बसून जेवीन.

थोरांचा राग आणि माया दोन्ही चालेल.

आपला,
एलिओदोरो

*

ओरुरो, ४ नोव्हेंबर

चि. एलिओ,

आशीर्वाद. हे पत्र माइदाच्याच हाती देते आहे. तिने वाटेत फोडून वाचलं तर वाचू दे, यात तिला ठाऊक नाही असं काही नाही.

तापाचं सोंग तिने घेतलं नाही. म्हणाली, आत्या, आजोबांच्या शेवटच्या जेवणाला मी खोटं बोलून गैरहजर राहू? उठली आणि माझ्या आधी बसमध्ये बसली. वाटेत दोनदा बस थांबवली, ते सांगायला नको.

मेज देखणी झाली. पावाची बाळं, स्वर्गात चढायला पावाची शिडी, बाबांना वाटेत पाणी न्यायला कांद्याच्या पोकळ दांड्या. जेवणं झाली आणि काका पाल्याचं फडकं घेऊन उठले. माझ्या पुढ्यात आले तेव्हा म्हणाले की बेनिग्नाला दोन पानं पुरेत, ती कवळी घालून शहरवाली झाली आहे, तिला मेंढीसारखं चघळता येत नाही. सगळे हसले. मीही दोन पानं ओठाखाली ठेवून हसले, कवळी सांभाळून.

मग माइदा. तिने रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले, मूठ घेतली, कपाळाला लावली. आणि चघळली नाही. सगळ्यांसमोर सरळ सांगितलं की काकाआजोबा, घेतली, पण तोंडात घालू शकत नाही. सोमवारी माझी लघवी तपासणार आहेत.

काकांनी विचारलं, कोण तपासणार? खाण. खाणीला कशाला हवी? ट्रक द्यायच्या आधी बघतात. मग काकांनी विचारलं की खाणीच्या मालकाचीही बघतात का. माइदा म्हणाली, ते विचारायची सोय नाही. यावर काका म्हणाले की आम्ही बोगद्यात पाला चघळून कथील काढलं तेव्हा कोणी बाटली घेऊन आलं नाही. पाला चघळत होतो म्हणून तर जेवण न देता दिवसभर राबवता आलं. आता यंत्रं आली तर आमचं मूत वाईट झालं. आणि वर म्हणाले की माझा भाऊ सेवेरो बिचारा स्वर्गाच्या दारात उभा, आणि त्याची वाट अडली कशाने, तर नातीच्या लघवीने.

मला वाटलं आता फडकं आपटून उठतील. पण माइदाची मूठ अजून तशीच पुढे होती. काकांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग खिशातून कापडाचा तुकडा काढून तो पाला त्यात बांधला, गाठ मारली, तिला परत दिला. म्हणाले, घेतलीस हे सेवेरोने बघितलं. जन्मभर रांगेतच उभा होता तो, अजून थोडा थांबेल. तपासणी झाली की ये आणि त्याच्यापाशी बसून चघळ. तुझी मूठ राहिली तर निरोप पुरा नाही.

इथवर मी शाबासकीची धनी होते. पुढचं वाचून तू ओरडशील, म्हणून फोन नको.

काल परत आलो. मटणाची चरबी तिला बाधली, पोटात मुरडा. कळवळत होती. मी किटली ठेवली, डब्यातून चिमूट टाकली, कप दिला. तीस वर्षं या घरात पोट दुखलं की हेच होतं. मी पाला म्हणून दिलाच नाही रे, चहा म्हणून दिला. तिनेही चहा म्हणून घेतला. अर्धा कप संपला तेव्हा तिच्या ओठाला एक पान चिकटलं. तिने ते बोटावर घेऊन बघितलं आणि मग माझ्याकडे.

अंगणात जाऊन तिने घशात बोटं घातली, मी कपाळ धरलं. जे निघायचं ते निघालं; जे आत गेलं ते गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंड पुसून एवढंच म्हणाली, आत्या, पाणी दे.

तेव्हापासून ती पितेच आहे. मी बाजारात संडासासाठी नाणं देऊन येते आणि चकार शब्द काढत नाही. डबा फोर्तुनाताला देऊन टाकला. तिला नोकरी मिळाली नाही तर फाउस्तीनोच्या आईसारखी मीही एक. तिच्याशी गोड बोल, माझ्याशी हवं तर बोलू नकोस.

तुझी,
बेनिग्ना

*

कलामा, २४ नोव्हेंबर

ती. आत्येस,

शिरसाष्टांग नमस्कार. आधी बातमी: ट्रक मिळाला. आता बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

सात तारखेला मी बाटली दिली. नर्सबाईंनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या की पोरी, मी लघवी मागितली होती, नळाचं पाणी नाही. यंत्रालाही तसंच वाटलं. इतकी पातळ होती की त्यांच्या नियमात ती लघवीच ठरेना. त्यातून हो किंवा नाही काहीच सांगता येईना. मी चहाचं खरंखरं सांगून टाकलं. त्या काही लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या की माझ्या आजीकडे पाला बिस्किटांच्या डब्यात असायचा. पुढच्या आठवड्यात ये, आणि तोवर माणसासारखं पाणी पी, मेंढरासारखं नाही. पुढच्या आठवड्यात गेले तर स्वच्छ. म्हणजे आत्या, तुझ्या चहाने मला बुडवलं असतं आणि तुझ्या संडासाने वाचवलं. रांगेत उभी राहिलीस ते वाया गेलं नाही.

ट्रकवर चढायला शिडी आहे, थेट आजोबांच्या पावाच्या शिडीसारखी. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. पहिल्या दिवशी मी खाली बघायचं टाळलं, दुसऱ्या दिवशी नाही.

एक मात्र राहिलं. इथे सही करताना सांगितलं की तपासणी एकदाची नाही, न सांगता कधीही होईल. गाडी चालवते तोवर. म्हणजे माझी मूठ मला चघळता येणार नाही, कदाचित कधीच नाही. ती गाठ तुझ्या उतरंडीच्या मागे ठेवली आहे. रात्री ट्रक लावून उतरते तेव्हा तीच आठवते. आजोबा माझ्यासाठी खोळंबलेत आणि मी इथे मजेत. काकाआजोबांना काय सांगू ते तूच कळव.

बाबांचा तुला नमस्कार. ते आता बसून जेवतात, आणि मी कमी जेवते म्हणून मला ओरडतात.

माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
माइदा

*

ओरुरो, ५ डिसेंबर

चि. माइदास,

आशीर्वाद. तुझं पत्र फोर्तुनाताला दोनदा वाचून दाखवलं. तिला तुझ्या दिवसांची शंका होती ना. संडास आता दिवसभर मोकळा असतो. सवय होते आहे.

रविवारी गावी गेले होते. काकांना काही सांगावं लागलं नाही. माझ्या हातातली गाठ बघितली आणि विचारलं की पोरगी उंच गेली का. मी म्हटलं, शिडी लागते इतकी. मग ते कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

कांद्याच्या दांड्या वाळून गेल्या आहेत. बाबांच्या उशाशी बसले, कवळी काढून एप्रनच्या खिशात ठेवली, आणि तुझी गाठ सोडली. त्यांना सांगितलं की ही माइदाची मूठ, माझी नव्हे. एकेक पान घेतलं. हिरड्यांवर वेळ लागतो, ऊन उतरलं. काकांनी भिंतीपलीकडून मेंढीचा आवाज काढला, एकदाच.

एकही पान ठेवलं नाही. चोथा बाबांच्या उशाशी पुरला, माती दाबली आणि कवळी घातली. तुझं कापड धुऊन ठेवलं आहे.

कळावे.

तुझी आत्या,
बेनिग्ना