गिअरमुक्त सायकल

२४ सप्टेंबर, बुधवार
निर्णय पक्का. माझ्या जुन्या गिअरवाल्या सायकलचे सगळे गिअर काढून सिंगल स्पीड करायची. गिअर म्हणजे तकलीफ. रात्री व्हिडिओ पाहिले, परदेशात पोरं हेच करून राहिलेत. झाली की धाकट्या बहिणीला, दिपाला देणार. तांड्यावरून सेनगावला अकरावीला जाती बिचारी, आज्याची काळी सायकल कुरकुरवत. ती मामाकडून यायच्या आत उरकतो.

२५ सप्टेंबर
मागच्या चाकाला एका चक्रीचं फ्रीव्हील अन् चेन पाहिजे. भंगारवाले पुंजाजी टेम्पो घेऊन आले, त्यांच्याकडं दोन्ही निघालं. बदल्यात काळी सायकल दिली. नाहीतरी जागा अडवून होती. ते म्हणले, "पोरा, ही तर चालू हाय की!" म्हणलं, काका, जमाना बदलला.

२७ सप्टेंबर
गिअर खोलले. मागचं फ्रीव्हील काढायला खास चावी लागते, हे तो व्हिडिओवाला शेवटी सांगतो. आधी सांगायला काय जातं त्याचं? छन्नी-हातोडीनं काढलं. अंगठा सुजला.

२८ सप्टेंबर, रविवार
दिपा आली. आल्या आल्या, "भिया, माझी सायकल?" अंगणातले सुटे भाग दाखवले, काळी पुंजाजीला दिली म्हणलं. ती खालीच बसली. सहा तारखेला चाचणी परीक्षा. सर उशिरा आलेल्याला आत घेत न्हाईत, तांड्यावर एसटी येत न्हाई, फाट्यावरची जीप भरल्याबिगर हलत न्हाई. वचन दिलं : दसऱ्याला सायकल दारात.

२९ सप्टेंबर
नट आणायला कनेरगाव नाक्याला गेलो. ढाब्यावर एक ट्रकवाला भेटला, चांगला माणूस. वाशिमला चालला होता. वाशिम बरंच वाढलंय. नट राहिला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज जोरात काम करणार होतो. पण याडीनं, आमच्या आईनं, पाना, हातोडी, मागचं चाक, सगळं पूजेत मांडलं. आज हत्याराला हात लावायचा न्हाई. दिपा म्हणली, "पुस्तकं पण पूजेतच हायेत. मग म्या अभ्यास सोडू काय?" हिला परंपरा कळत न्हाई.

२ ऑक्टोबर, दसरा
याडीनं कुंकू, अक्षता बराबर नव्या फ्रीव्हीलमधी टाकल्या. फिरवलं की कुर्रर्र. दुपारपर्यंत सुईनं तांदूळ काढले. मग सोनं वाटायला निघालो, ते रात्रीच आलो. सणाच्या दिवशी सायकल देणं तसंही बरं दिसत न्हाई.

४ ऑक्टोबर, शनिवार
चेन चढवली. लोंबते. व्हिडिओवाला म्हणतो, चाक मागं ओढा. माझ्या सायकलची चाक बसायची खाच उभी, चाक सरकतच न्हाई. आडवी खाच काळ्या सायकलला होती. एक कडी काढली तर चेन पुरत न्हाई, ठेवली तर पडते. याडी म्हणली, "चालती वस्तू काहून मोडली रे?" संशोधकाला घरचे समजून घेत न्हाईत.

५ ऑक्टोबर, रविवार
जमलं! याडीच्या शिलाई मशीनची रिकामी रीळ चेनवर दाबून बसवली, जुन्या ट्यूबच्या रबरानं ताणली. अंगणात चकरा मारल्या. लोणी. काढलेल्या गिअरचं पोतं दिसंना. याडीनं आवरलं असेल. बरं झालं, पाश तुटला. दिपाला म्हणलं, सकाळी मी फाट्यापर्यंत टेस्ट घेऊन येतो, मग तू घेऊन जा. ती नुसती "व्हय" म्हणली.

६ ऑक्टोबर, सोमवार
नाल्याच्या चढावर रीळ फुटली. चेन चाकात गुतली, चाक जाम. सायकल खांद्यावर टाकून परत निघालो. दिपाची परीक्षा डोळ्यासमोर. पळायला लागलो.

समोरून दिपा आली. काळ्या सायकलवर. थांबली न्हाई, एक पाय टेकल्यासारखं करून म्हणली, "पुंजाजीकाका आत्ताच टेम्पोतून देऊन गेले. तुझ्या गिअरच्या पोत्यावर सौदा झाला." घंटी वाजवली अन् चढ चढून गेली. पोचली असेल वेळेवर.

माझी सायकल अंगणात पडलीय. नीट विचार केला. या सायकलला गिअरच पाहिजेत.

पुंजाजीला विचारून पाहतो.